दोन खोल्यांतली कोंडी

प्रश्न : आम्ही दोघे, आठ वर्षांची मुलगी आणि सासूबाई असे चौघे जण दोन खोल्या आणि स्वयंपाकघर एवढ्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. बाहेरची खोली १० फूट रुंद आणि १२ फूट लांब आहे. तिच्यात एल आकाराचा मोठा सोफा, टीपॉय, टीव्हीचे युनिट, खिडकीला लागून पुस्तकांचे उंच कपाट आणि मुलीचे अभ्यासाचे टेबल आहे. सगळ्यांची मापे सोबत दिली आहेत. दार उघडले की आधी सोफ्याची पाठ दिसते आणि कोंडल्यासारखे होते. एका महिन्याच्या भाड्याइतकी रक्कम यासाठी बाजूला काढता येईल, त्याहून जास्त नाही. नातेवाइकांनी फॉल्स सीलिंग, भिंतभर आरसा, पांढरा रंग असे निरनिराळे उपाय सुचवले आहेत. सुरुवात कुठून करावी? – एक वाचक

उत्तर : सोफ्याची पाठ दिसते हे तुम्ही जाता जाता लिहिले आहे, पण माझ्या मते तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर तिथेच आहे. खोलीचे क्षेत्रफळ टेपने मोजता येते. ती प्रशस्त आहे की कोंदट, हे मात्र आपल्याला डोळे आणि पाय सांगतात. दारात उभे राहिल्यावर नजर किती लांब पोहोचते आणि पलीकडच्या टोकाला जाईपर्यंत किती वेळा अंग चोरावे लागते, यावर सगळे अवलंबून असते. तुमच्या खोलीत एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचे अंतर सुमारे साडेपंधरा फूट भरते, म्हणजे नजरेला धावायला पुरेशी जागा खोलीत मुळातच आहे. सोफ्याची पाठ जेमतेम तीन फूट उंच असल्याने नजर तिच्यावरून पुढे जाते हे खरे. पण जमीन तिथेच दिसेनाशी होते, आणि खोलीच्या आकाराचा अंदाज आपण नकळत जमिनीवरूनच बांधत असतो.

तुम्ही पाठवलेल्या मापांवरून मी थोडा हिशेब केला. सोफा ३३ चौरस फूट, टीपॉय ८, टीव्हीचे युनिट साडेसात, कपाट ३ आणि टेबल ६, असे मिळून साडेसत्तावन्न चौरस फूट फर्निचरखाली गेले आहेत. दार आत उघडते आणि ते तीन फुटी आहे, तेव्हा त्याच्या फिरण्यासाठी सात चौरस फुटांचा पाव गोल मोकळा ठेवावाच लागतो. म्हणजे १२० चौरस फुटांपैकी निम्म्याहून अधिक जमीन तुमच्या पायांना मिळतच नाही. ही अडचण रंगाने सुटणार नाही आणि आरशानेही सुटणार नाही, उलट आरशात तीच गर्दी दुप्पट दिसेल. म्हणून माझा आग्रह असा, की आधी जमीन मोकळी करावी, मग उजेड सुधारावा, आणि पैशाचे पाकीट त्यानंतर उघडावे.

फॉल्स सीलिंगचा विचार मात्र आजच सोडून द्या. त्याच्या सांगाड्यासाठी आणि दिव्यांसाठी छत किमान चार-सहा इंच खाली येते, आणि ज्या घरात आधीच कोंडल्यासारखे वाटते तिथे असलेली उंची पैसे देऊन कमी करून घेण्यात काय अर्थ आहे? शिवाय घर भाड्याचे आहे. तो खर्च घरमालकाच्या छताला चिकटून राहील.

आता सोफ्याकडे वळू. एल आकाराचे बरेच सोफे अखंड नसतात; दोन भाग खालच्या बाजूने धातूच्या क्लिपने किंवा बोल्टने एकमेकांना जोडलेले असतात. सोफा थोडा पुढे ओढून, टॉर्च घेऊन, जोडाखाली हात घालून पाहा. लांब भाग उचलला की क्लिपमधून सुटतो असे बहुतेक वेळा आढळते, आणि बोल्ट असेल तर एका पान्याचे काम असते. भाग सुटे झाले, तर आठ फुटी लांब भाग बारा फुटी भिंतीला लावा आणि तीन बाय तीनचा उरलेला तुकडा आतल्या खोलीत न्या, जिथे सासूबाईंना दुपारी निवांत बसायला तो उपयोगी पडेल. सुटा झाल्यावर त्याची एक बाजू उघडी-बोडकी दिसते, ती चादरीने झाकता येते. टीपॉय काढून त्याच्या जागी दीड फुटी लहान टेबल सोफ्याच्या टोकाशी ठेवले, तर एवढ्या दोनच हालचालींत सुमारे १५ चौरस फूट जमीन परत मिळते. हा खोलीचा आठवा हिस्सा झाला, आणि खर्च फार तर त्या लहान टेबलाचा.

सोफा अखंड निघाला तर गोष्ट थोडी अवघड होते. अशा वेळी त्याचा कोन दारापासून सर्वांत दूरच्या कोपऱ्यात बसवावा, म्हणजे दारातून पाठ दिसण्याऐवजी बैठक दिसेल. तरीही वाट अडत असेल तर तो विकून साधा तीन माणसांचा, पायांवर उभा असलेला सोफा घ्यावा, असे मी स्पष्टच सांगेन. पाय पाच-सहा इंच उंच असले की खालची फरशी भिंतीपर्यंत दिसत राहते आणि तीच वस्तू हलकी वाटते. जमिनीवर टेकलेला सोफा ओंडक्यासारखा दिसतो. जुन्या सोफ्याचे पैसे फारसे येणार नाहीत, याची मात्र मनाची तयारी ठेवा.

काहीही हलवण्यापूर्वी एक उद्योग करा, तो मुलीलाही आवडेल. जुनी वर्तमानपत्रे चिकटपट्टीने जोडून प्रत्येक वस्तूच्या तळाच्या खऱ्या मापाचा कागद कापा. शक्य तेवढे सामान तात्पुरते आतल्या खोलीत ढकलून ते कागद मोकळ्या जमिनीवर मांडा आणि त्यांच्या मधून चालून पाहा. सोफ्याच्या कागदाशेजारी खुर्ची मागे ओढून पाहा, दार पूर्ण उघडून पाहा, कपड्यांची बादली हातात घेऊन खिडकीपर्यंत जाऊन या. मुख्य वाट अडीच ते तीन फूट रुंद असावी. सोफा आणि त्याच्यासमोरचे टेबल यांत दीड फूट पुरते. टेबलाशी बसणाऱ्याला खुर्ची मागे घेऊन उठायला अडीच फूट तरी लागतात. सासूबाई रात्री उठतात तेव्हा ज्या वाटेने जातात, ती वाट सरळ ठेवा आणि तिच्यावर सतरंजीची सुटी कड येऊ देऊ नका. कपाट चुकीच्या ठिकाणी सरकवून पुन्हा उचलण्यापेक्षा कागद चार वेळा सरकवणे केव्हाही बरे.

खिडकीशेजारचे उंच कपाट तिथून हलवायलाच हवे. उंच वस्तूंसाठी सर्वांत चांगली जागा म्हणजे दार ज्या भिंतीत आहे तीच भिंत, कारण आत शिरणाऱ्याच्या ती पाठीशी राहते आणि समोरची बाजू ठेंगणी व उजळ दिसते. कपाट हलवल्यावर ते भिंतीला पक्के जोडून घ्या. घरात आठ वर्षांची मुलगी आहे, वरच्या कप्प्यातले पुस्तक काढायला मुले खालच्या कप्प्यावर पाय देतात, आणि अशा वेळी सुटे कपाट अंगावर येऊ शकते. त्यासाठी भिंतीत एक-दोन भोके पाडावी लागतील, तर घरमालकांना आधी विचारा. कारण सांगितल्यावर सहसा कोणी नाही म्हणत नाही. भिंत इमारतीच्या बाहेरच्या बाजूची असेल तर मागे दोन इंच फट ठेवा, नाहीतर दमट दिवसांत हवा न खेळल्यामुळे मागे बुरशी धरते. खिडकीशी मोकळ्या झालेल्या जागेत मुलीचे टेबल येऊ द्या, आणि ते असे लावा की ती ज्या हाताने लिहिते त्याच्या विरुद्ध बाजूने उजेड येईल. म्हणजे वहीवर तिच्याच हाताची सावली पडणार नाही.

सामान कमी करा असा सल्ला देणे सोपे असते. चार माणसांच्या संसारात, आणि त्यातही तीन पिढ्यांच्या, ते तितके सोपे नसते हे मी जाणते. वर्षभर न वापरलेली वस्तू टाकून द्यावी हा नियम मला पटत नाही. सासूबाईंची पेटी वर्षभर उघडली नसेल म्हणून ती अडगळ ठरत नाही, आणि तिच्याबद्दलचा निर्णय त्यांच्यावाचून कोणी घेऊ नये. त्यापेक्षा वस्तू अंतराप्रमाणे लावाव्यात. रोज लागणारे गुडघ्यापासून खांद्यापर्यंतच्या उंचीवर, आठवड्यातून एकदा लागणारे त्याच्या वर किंवा खाली, आणि वर्षातून एकदा लागणारे माळ्यावर, खोक्यावर ठळक अक्षरांत आत काय आहे ते लिहून. पलंगाखालची जागाही याच शेवटच्या प्रकारासाठी वापरा. मात्र तिथे चाके असलेले सपाट खोके ठेवले तरच ते बाहेर निघतात, नाहीतर तिथे गेलेली वस्तू घर बदलतानाच पुन्हा दिसते.

डबे, टोपल्या, कप्पे यांची खरेदी या टप्प्यावर अजिबात करू नका. मी स्वतः एकदा, एका खोलीत राहत असताना, मोठ्या उत्साहाने झाकणाचे आठ डबे एकदम आणले होते. अडगळ डब्यांत गेली, खोली दोन दिवस छान दिसली, आणि मग ते आठ डबे कुठे ठेवायचे हा नवा प्रश्न उभा राहिला. शेवटी त्यांतले पाच रिकामे करून शेजाऱ्यांना दिले. आधी वस्तू निवडाव्यात, मग उरलेल्यांची मापे घ्यावीत, आणि त्या मापाचेच डबे आणावेत. कपाटाच्या माथ्याबाबतही एक गोष्ट सांगून ठेवते : तिथे काही ठेवायचेच असेल तर छतापर्यंत नीट बंद कप्पे करा, नाहीतर काहीच ठेवू नका. सुटकेस, गुंडाळलेली चटई आणि पंख्याचे खोके अशी अर्धवट रास छताची कड तोडते, आणि खोली होती त्यापेक्षा बुटकी वाटू लागते.

एवढे झाले की उजेडाकडे या. इथे थोड्या पैशांत सर्वाधिक फरक पडतो. खिडकीची काच आतून-बाहेरून स्वच्छ धुवा आणि कट्ट्यावरच्या कुंड्या, बाटल्या, खेळणी उचला. मग पडदे उघडून पाहा की ते कुठे गोळा होतात. बहुतेक घरांत पडद्याची दांडी खिडकीच्या चौकटीएवढीच असते, त्यामुळे उघडलेले पडदे काचेवरच जमतात. चार फुटी खिडकीवर दोन्ही बाजूंनी सहा-सहा इंच पडदा गोळा होत असेल, तर खिडकीचा चौथा हिस्सा दिवसभर बंदच राहतो. दांडी दोन्हीकडे दहा-बारा इंच वाढवा, म्हणजे पडदा भिंतीवर जाऊन थांबेल आणि सगळी काच मोकळी होईल. दांडी चौकटीवर न ठोकता छताच्या जवळ नेली आणि पडदा जमिनीपर्यंत सोडला, तर खिडकी आहे त्यापेक्षा मोठी वाटते आणि छतही उंच भासते. कापड भिंतीच्या रंगाच्या जवळचे आणि पातळ असावे. समोरच्या इमारतीतून आत दिसत असेल, तर खिडकीच्या फक्त खालच्या अर्ध्या भागाला पातळ पडदा लावून वरचा भाग उघडा ठेवता येतो. खोलीत खोलवर पोहोचणारा उजेड मुख्यतः वरच्या भागातूनच येत असतो.

संध्याकाळची गोष्ट निराळी. छताच्या मधोमध एकच झगझगीत दिवा असला की मधला भाग उजळतो, कोपरे काळोखात जातात, आणि जे कोपरे दिसत नाहीत तेवढी खोली लहान होते. तोच उजेड दोन-तीन ठिकाणी वाटून द्या. ९ वॅटचा साधा एलईडी बल्ब सुमारे ८०० ते ९०० लुमेन उजेड देतो. छताला तेवढाच ठेवून दारापासून सर्वांत दूरच्या कोपऱ्यात एक लहान दिवा असा ठेवा की त्याचा झोत भिंतीवर पडेल, आणि दुसरा मुलीच्या टेबलावर. दूरची भिंत उजळली की नजर तिथपर्यंत ओढली जाते. सगळे बल्ब एकाच छटेचे घ्या. खोक्यावर केल्विनचा आकडा लिहिलेला असतो : २७०० ते ३००० म्हणजे पिवळसर, ४००० म्हणजे मधला, ६५०० म्हणजे निळसर पांढरा. एका कोपऱ्यात पिवळा आणि दुसऱ्यात निळसर उजेड असला की खोलीचे तुकडे पडल्यासारखे दिसतात. बसण्या-उठण्याच्या खोलीत मी ३००० घेईन आणि अभ्यासाच्या टेबलावर फार तर ४०००.

आता आरसा. वस्तू आरशापुढे जितक्या अंतरावर असते, तितक्याच अंतरावर तिचे प्रतिबिंब आरशामागे दिसते. म्हणून १० फुटी रुंदीच्या खोलीत एका लांब भिंतीशी बसून समोरच्या आरशात पाहिले, तर आपल्या पाठीमागची भिंत २० फुटांवर दिसते. हा फायदा खरा आहे, पण आरसा काय दाखवतो यावर तो अवलंबून असतो. भिंतभर आरसा नको. तो महाग, जड, आणि भाड्याच्या घरात पुढे डोकेदुखी. आधी घरातला हातात धरायचा आरसा घ्या. तुम्ही सोफ्यावर नेहमीच्या जागी बसा, आणि यजमानांना तो भिंतीवर निरनिराळ्या ठिकाणी धरायला सांगा. खिडकी, आकाशाचा तुकडा किंवा उजळ भिंत दिसेल ती जागा योग्य. चपलांचा स्टँड, टीव्हीच्या वायरी किंवा स्वयंपाकघराचे दार दिसत असेल तर पुढे सरका. साधारणपणे खिडकीला काटकोनात असलेल्या भिंतीवर, खिडकीपासून दोन-तीन फुटांवर आरसा चांगला बसतो, कारण तो उजेड आत ढकलतो. खिडकीच्या अगदी समोर लावला तर बाहेरचे दृश्य मिळते, पण ऊन थेट येत असेल तर डोळ्यांवर तिरीप येते.

चार फूट बाय दोन फुटांचा आरसा पुरे. पूर्ण उंची दिसायला आपल्या उंचीच्या निम्मा आरसा लागतो, त्यामुळे घरातल्या प्रत्येकाला तो कपडे घालतानाही उपयोगी पडेल. मात्र ४ मिलिमीटर जाडीच्या काचेचा एवढा आरसा, चौकट सोडून, साडेसात किलोंच्या आसपास भरतो. तो चिकटणाऱ्या हुकांवर टांगू नका. भिंतीत खिळे चालत नसतील तर जमिनीवर उभा करून वरून पट्ट्याने बांधून घ्या.

रंगाबद्दल थोडक्यात. ताजा पांढरा रंग त्याच्यावर पडलेल्या उजेडापैकी ८० टक्के किंवा त्याहून जास्त परत फेकतो, गडद निळा किंवा करडा जेमतेम १० टक्क्यांच्या आसपास. तेव्हा नातेवाइकांचा सल्ला चुकीचा नाही. पण सगळे घर रंगवण्याची गरज नाही. छत आणि खिडकीसमोरची भिंत एवढेच, एकाच फिकट छटेत रंगवा, म्हणजे भिंत आणि छत यांच्यातली कड विरून जाते. शुभ्र पांढरा मला स्वतःला दवाखान्यासारखा वाटतो. किंचित पिवळट किंवा मातकट झाक असलेला घ्या. खोलीत वस्तूंचे रंग जितके कमी तितके बरे. टीव्हीच्या युनिटचा रंग भिंतीशी जुळवला, तर तेही नजरेत टोचत नाही.

स्वयंपाकघराबद्दल तुम्ही विचारलेले नाही, पण तिथे चौघांच्या हालचाली होतात म्हणून एक आठवण सांगते. मार्गारेटे श्युटे-लिहोट्स्की या ऑस्ट्रियन वास्तुविशारद स्त्रीने १९२६ साली जर्मनीतल्या फ्रँकफर्ट शहराच्या घरबांधणी योजनेसाठी एक स्वयंपाकघर आखले, ते सुमारे १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब होते. तिने रेल्वेच्या भोजनडब्यातल्या स्वयंपाकघराचा नमुना समोर ठेवला आणि काम करणाऱ्या बाईची पावले कशी वाचतील याचा विचार केला. तुम्हीही एक दिवस चूल, मोरी आणि भांड्यांची फळी यांच्यात किती फेऱ्या होतात ते मोजा. रोजची भांडी मोरीच्या हाताशी आणि रोजचे डबे चुलीच्या हाताशी आणले, तर काहीही विकत न घेता अंगाला अंग लागणे कमी होईल. आतल्या खोलीसाठी सध्या एवढेच पुरे, की पलंगाच्या निदान एका बाजूला दोन फूट वाट ठेवा.

पैशांचे म्हणाल तर तुमच्या रकमेचे मी असे भाग करीन : निम्मी रक्कम छत आणि एका भिंतीच्या रंगाला, चौथा हिस्सा दांडी, पडदे आणि दोन दिव्यांना, आणि उरलेल्यात आरसा व सोफ्याशेजारचे लहान टेबल. रंग स्वतः लावणार असाल तर त्यातूनही काही उरेल, आणि मुलीच्या टेबलावर एक फळी होईल. पण हा खर्च सामान हलवून पंधरा दिवस झाल्यावरच करा. हलवण्यापूर्वी दारात उभे राहून मोबाइलवर एक फोटो काढा, आणि हलवल्यावर त्याच जागेवरून, त्याच वेळी दुसरा. रोज राहून आपल्याला जे दिसेनासे झालेले असते, ते फोटोत चटकन दिसते.

सोफ्याखाली क्लिप सापडली की नाही ते जरूर कळवा. अखंड निघाला तर दाराची आणि खिडकीची जागा दाखवणारा साधा नकाशा हाताने काढून पाठवा. तो पाहून कोन कुठे बसवायचा ते सांगेन.